ग्रास कटरचा तंगूस दर दहा मिनिटांनी तुटतोय, कुठला घेऊ? नुसती रीळ बदलू की अख्खं डोकं?

सड्यावरची_बाग

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची साडेतीन एकर बाग आहे, खाली कलमं आणि वर सड्याला (कातळी पठाराला) काजू. मशीन ४३ सीसी टू स्ट्रोक, खांद्याला अडकवायची, सरळ दांडीची, दोन वर्षं झाली घेऊन. इंजिनाची काही तक्रार नाही, सगळा त्रास त्या खालच्या फिरणाऱ्या डोक्याचा आणि त्यातल्या तंगुसाचा, म्हणजे गवत कापणाऱ्या नायलॉनच्या दोरीचा आहे.

मशीनबरोबर जो गोल तंगूस आला होता तो पहिल्या पावसाळ्यात संपला, तो चांगला चालायचा. नंतर बाजारात गेलो तर दुकानदार म्हणाला जाड घ्या, चौकोनी घ्या, एकदम कडक माल आहे, म्हणून ३ एमएमचा चौकोनी किलोवर आणला. गेल्या वर्षी थोडाच वापरला, उरलेला माळ्यावर ठेवला होता तो आता गणपती झाल्यावर काढला आणि तेव्हापासून डोक्याला ताप झालाय. दहा मिनिटं चालतो की डोक्याच्या तोंडाशीच तुटतो. डोकं खाली आपटलं की तंगूस पुढे यायला हवा, तो येत नाही. उघडून बघावं तर आत एकमेकाला चिकटलेला, अक्षरशः वितळून गोळा झालेला. परत सोडवा, परत गुंडाळा, परत दहा मिनिटं. दोन गडी आहेत कामाला, त्यातला एक मशीन धरून आणि दुसरा निम्मा वेळ रीळ उघडून बसलेला, असं चाललंय. काल सकाळपासून दुपारपर्यंत जेमतेम सात-आठ कलमांखालचं झालं.

दुकानदार म्हणतो डोकं गेलं, नवीन घ्या, हे युनिव्हर्सल आहे कुठल्याही मशीनला बसतं. मशीन चालवणारा गडी म्हणतो तंगूसच भिकार आहे. माझं म्हणणं नुसती आतली रीळ मिळाली तर बघू. आता तुम्हीच सांगा, किती एमएमचा घेऊ, गोल की चौकोनी, आणि डोकं बदलायचं का.

घाई यासाठी की दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पलीकडच्या सड्यावरून वणवा आला आणि आमच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून असलेली शेजाऱ्यांची काजूची झाडं होरपळली, भरल्या मोहराची. आमची वाचली ती फक्त कडेचं गवत आधी काढलेलं होतं म्हणून. त्यामुळे दिवाळीच्या आत गडग्याच्या आतून आणि बाहेरून पट्टा साफ करायचाच आहे, आणि गवत आता कमरेला लागतंय.

---

स्पॅनर_देवरुख

दादा, डोकं लगेच फेकू नका आणि तंगुसालाही शिव्या देऊ नका, आधी एक गोष्ट बघा. तंगूस कुठे तुटतो त्यावरून नव्वद टक्के दुखणं कळतं. माझ्याकडे पावसाळ्यात रोज दोन-तीन मशिनी याच तक्रारीने येतात म्हणून सांगतो. टोकाला झिजून आखूड होत असेल तर काही बिघडलेलं नाही, ते त्याचं कामच आहे. मध्येच तुटत असेल तर दगड किंवा गडगा लागतोय. तोंडाशी, म्हणजे डोक्यातून बाहेर येतो त्या रिंगेपाशी तुटत असेल तर एक तर रिंग खराब आहे, नाहीतर तंगूस सुकून कडकडीत झालाय, नाहीतर तो त्या रिंगेत मावतच नाहीये. तुमच्या बाबतीत मला तिन्ही एकदम दिसतायत.

चौकोनी ३ एमएमचं असं असतं की सपाट बाजूने मोजला तर ३ भरतो, पण एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजा, चारच्या आसपास जातो. आता तुमच्या मशीनबरोबर आलेलं डोकं बहुतेक २.४ नाहीतर २.७ च्या गोलासाठी असणार, डोक्याच्या बुडाला किंवा झाकणाच्या आत आकडा कोरलेला असतो, माती पुसून बघा. त्या रिंगेत हा कोपऱ्यांचा तंगूस घासत घासत जातो, आपटल्यावर सरकत नाही, आत रिळेवर नीट बसत नाही, एकावर एक चढतो, आणि मशीन फुल्ल थ्रॉटलला असताना जे हादरे बसतात त्याने वेढे एकमेकांवर घासून तापतात आणि चिकटतात. तो जो गोळा झालाय ना तो तसाच झालाय. ऊन लागून नाही, घासून.

आता रिंग. डोक्याच्या दोन्ही बाजूला जिथून तंगूस बाहेर येतो तिथे धातूची छोटी रिंग असते. तंगूस काढून टाका आणि करंगळीचं नख त्या रिंगेच्या आतल्या कडेवरून फिरवा. नख अडकलं, म्हणजे तिथे तंगुसाने चर पाडलाय. मऊ नायलॉन धातूला कापतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही पण गवताबरोबर जी माती आणि जांभ्याची पूड येते ती पॉलिश पेपरसारखं काम करते, दोन पावसाळ्यांत चर पडतोच. मग तो चर सुरीसारखा तंगूस कापत राहतो, तुम्ही कितीही महागाचा आणा. काही डोक्यांची रिंग नुसती वर ओढली की निघते, ती अर्धा फेरा फिरवून परत बसवा, चांगली बाजू समोर येईल. निघत नसेल आणि चर खोल असेल तर मग डोकं बदला, उगाच जीव काढू नका.

नवीन डोकं घेतलंच तर युनिव्हर्सल या शब्दावर जाऊ नका. सरळ दांडीच्या बहुतेक मशिनींना १० एमएमचे उलटे आटे असतात कारण डोकं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं आणि आटे सरळ असते तर चालता चालता सैल झालं असतं. पण त्या १० एमएममध्येही आट्यांचं अंतर वेगवेगळं येतं, १.२५ पण असतं आणि १ पण असतं. हाताने दोन फेरे फिरतं आणि अडकतं, मग गडी पाना लावून जोर करतो आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे आटे खलास होतात. ते दुखणं डोक्याच्या दहापट खर्चाचं. म्हणून जुनं डोकं काढून दुकानात बरोबर घेऊन जा आणि नवीन डोकं हाताने पूर्ण, बुडापर्यंत बसलं तरच पैसे द्या. काढताना गिअरबॉक्सच्या बाजूला भोक असतं त्यात पिन घालून शाफ्ट अडकवायचा आणि डोकं घड्याळाच्या दिशेने फिरवायचं, उलटे आटे आहेत म्हणून. बरेच जण सवयीने डावीकडे फिरवतात आणि आणखी घट्ट करून ठेवतात.

अजून एक विचारतो, खालचं गार्ड लावलेलं आहे का? खरं सांगा.

---

सड्यावरची_बाग

दादा फार नीट सांगितलंत. डोक्यावर खरंच २.४ लिहिलंय, एवढ्या दिवसांत मी बघितलंच नव्हतं. आणि गार्ड गेल्याच वर्षी काढून ठेवलंय, गडी म्हणाला गवत गुंडाळतं आणि वजन होतं. त्याचा तंगुसाशी काय संबंध?

---

स्पॅनर_देवरुख

सगळा संबंध तिथेच आहे. गार्डच्या कडेला एक छोटं पातं असतं ते तंगूस ठराविक लांबीला कापतं. ते काढलं की तंगूस हवा तेवढा लांब राहतो, आणि गड्याला बरं वाटतं कारण एका फेऱ्यात जास्त गवत पडतं. पण हवेचा विरोध लांबीच्या हिशोबाने नुसता थोडा वाढत नाही, भसकन वाढतो. मध्यापासून २० सेंटिमीटरचा तंगूस २५ चा केला तर तेवढ्याच आरपीएमला नुसती हवा कापायला जवळजवळ अडीचपट ताकद जाते. मग इंजिनाचे आरपीएम पडतात, क्लच घसरतो, क्लचचा ड्रम तापतो आणि गवत कापण्याऐवजी तंगूस त्याला झोडपतो. गवताची टोकं कापल्यासारखी दिसतायत की चेचून पिंजल्यासारखी ते उद्या बघा. पिंजलेली असतील तर आरपीएम कमी पडतायत.

जाड तंगुसाचं पण तेच गणित. माझा साधा हिशोब असा, २५-२६ सीसीच्या मशीनला २ ते २.४, तुमच्यासारख्या ४० च्या पुढच्याला २.४ ते ३ चालतो पण डोकं तेवढ्याचं असलं पाहिजे. डोक्यावर लिहिलंय तो आकडा शेवटचा, इंजिन कितीही मोठं असू दे. तुम्ही २.४ गोल किंवा पिळाचा घ्या. पिळाचा म्हणजे दोरीसारखा वळलेला दिसतो तो, आवाज कमी करतो. चौकोनी आणि चांदणीच्या आकाराचा धारेला चांगला, कोवळं गवत साबणासारखं कापतो, पण कडा पटकन जातात आणि दगडात टिकत नाही. तुमच्या सड्यावर गोलच.

आणि पाकिटावर २.४ लिहिलंय म्हणून २.४ असतो असं नाही. व्हर्नियर नसेल तर पेन्सिलीवर दहा वेढे एकाला एक चिकटवून घ्या आणि पट्टीने मोजा, २४ एमएम भरले पाहिजेत. २७-२८ भरले तर तो २.४ नाही. सुट्टा वजनावर घेताना अजून एक लक्षात ठेवा, साधा नायलॉनचा गोल २.४ किलोत साधारण १९० मीटर बसतो आणि ३ चा सव्वाशेच्या आसपास. म्हणजे जाड घेऊन तुम्ही लांबी एक तृतीयांश कमी घेतलीत, वर तो चौकोनी, म्हणजे अजून कमी.

---

बेणणी_कंत्राट

नमस्कार, मी आठ वर्षं बागांची बेणणी, म्हणजे गवत-झुडपं काढायचं काम घेतो, लांजा राजापूर पट्ट्यातच. वरच्या दादांनी मशीनचं सांगितलं ते शंभर टक्के, मी फक्त हाताखालचं सांगतो.

माळ्यावर ठेवलेला तंगूस म्हणालात ना, तिथेच अर्धं उत्तर आहे. कौलाखाली उन्हाळ्यात काय भट्टी होते ती आपल्याला माहीत आहे. नायलॉन हा पाणी पिणारा माल आहे, अंगात ओल असली की लवचिक राहतो, सुकला की काचेसारखा तुटतो. मी नवीन जुना कुठलाही तंगूस असो, आदल्या दिवशी बादलीत बुडवतो, निदान एक अख्खा दिवस, जमलं तर दोन. वर दगड ठेवायचा, पाण्याबाहेर राहिला की तेवढा भाग कोरडाच राहतो. कामाला जाताना निथळून ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यायचा. माझ्या काकांचं मासेमारीचं काम, ते गळाच्या तंगुसाला ऊन लागू देत नाहीत, झाकूनच ठेवतात, ते बघूनच हे शिकलो. तुमच्याकडे जो जुना चौकोनी उरलाय त्याचा हातभर तुकडा घेऊन बोटाभोवती घट्ट गाठ मारून बघा. कटकन मोडला तर सुकलाय. दोन दिवस भिजवून परत गाठ मारा, फरक हाताला कळतो.

गुंडाळायची पद्धत, यात नव्याण्णव गडी चुकतात. तुमच्या रिळेला मध्ये पडदी असेल, म्हणजे दोन खण असतील. तंगूस बरोबर मधोमध दुमडायचा नाही, एक बाजू वीतभर जास्त ठेवायची, दुमडलेला भाग मधल्या खाचेत अडकवायचा, आणि रिळेवर बाणाची खूण असते त्या दिशेने दोन्ही बाजू एकदम, आपापल्या खणात, शेजारी शेजारी वेढे बसवत आणायच्या. विणकाम करतात तशा शांतपणे. एक वेढा दुसऱ्यावरून आडवा गेला की तिथेच तो दाबला जाणार आणि तिथेच चिकटणार. दोरी ओढून घ्यायची पण जीव खाऊन नाही. आणि रीळ काठोकाठ भरायची नाही, कडेपासून निदान चार-पाच एमएम मोकळं ठेवायचं. गड्यांना वाटतं जास्त भरलं की कमी वेळा उघडावं लागेल, होतं बरोब्बर उलटं. मी कायम तीन रिळा भरून पिशवीत ठेवतो, त्यासाठी तुम्ही सुटी रीळ शोधताय ते बरोबर आहे, पण ती तुमच्याच डोक्याची पाहिजे. उंची एक एमएमने कमी जास्त असली तर डोक्याखालचं बटण दाबलं जात नाही नाहीतर सारखं सुटत राहतं आणि तंगूस वाया जातो.

खाली आपटताना मशीन चालू, थ्रॉटल दाबलेला, आणि गवताच्या मऊ जागेवर हलकं टेकवायचं. कातळावर धाडकन आपटलं की खालचं बटण फुटतं. आणि बाहेर दोन-चार बोटं तंगूस शिल्लक असतानाच आपटायचं, पूर्ण संपेपर्यंत थांबलं तर तो आत ओढला जातो, मग उघडण्याशिवाय इलाज नाही कारण बाहेर ओढायला वजनच उरत नाही.

सड्याच्या बाजूला, जिथे दगडच जास्त, तिथे मी आपटायचं डोकं लावतच नाही. अल्युमिनियमचं साधं डोकं मिळतं, रीळ नाही स्प्रिंग नाही, हातभराचे कापलेले तुकडे आरपार घालायचे, झिजले की काढून नवीन घालायचे. तुकडे आधीच कापून भिजवून ठेवायचे. वेळ लागतो असं वाटतं पण दिवसाअखेर तेच जास्त काम देतं, मी सकाळी साठ तुकडे घेऊन निघतो. आणि रानमोडी, घाणेरी असल्या लाकडी खोडांना तंगूस लावूच नका, त्याला पातं. तीन पात्यांचं ब्लेड ठेवा एक बरोबर. पण ब्लेडचं गार्ड वेगळं असतं आणि खालचा कप वॉशर पण वेगळा, ते मशीनच्या डब्यात आलेलं असणार, टाकून दिलं नसेल तर शोधा.

आता एक कळकळीने सांगतो. कलमांच्या बुंध्याला तंगूस लागू देऊ नका. मोठ्या झाडाला काही होत नाही पण दोन-तीन वर्षांच्या काजू कलमाची साल इतकी कोवळी असते की एका फटक्यात सोलून निघते, आणि गडी झाडाभोवती गोल फिरतो, म्हणजे साल चारी बाजूंनी जाते. दुसऱ्या दिवशी कळत नाही, दिवाळीनंतर पानं गळायला लागतात मग मालक म्हणतो वाळवी लागली. सुरुवातीच्या वर्षी माझ्या माणसाकडून एका बागेत अशी अकरा कलमं गेली, सगळी भरून दिली मी, पण वाढलेली चार वर्षं काय भरून देणार. तेव्हापासून आमचा नियम, बुंध्याभोवती दोन फूट आधी विळ्याने काढायचं, मगच मशीन.

---

जास्वंद_नाशिक

मला पण यातच विचारायचं होतं, वेगळा धागा काढत नाही. माझ्याकडे घरापुढे छोटं लॉन आहे, त्याला बॅटरीवरचा १८ व्होल्टचा ट्रिमर घेतलाय. त्याची रीळ अगदी लहान, आपोआप तंगूस पुढे येतो असं लिहिलंय. कंपनीची रीळ महाग पडते आणि सारखी संपते. वर जे २.४ म्हणताय तो मी त्याच रिळेवर गुंडाळला तर चालेल का? जाड म्हणजे टिकेल असं वाटलं.

---

स्पॅनर_देवरुख

ताई नको. असल्या लहान ट्रिमरला बहुतेक १.६ असतो, काहींना १.५, पुस्तकात लिहिलेलं असेल तेच घाला. मोटर लहान आहे, जाड लावलात तर आवाज बदलेल, बॅटरी अर्ध्या वेळात उतरेल आणि मोटर तापेल. शिवाय तुमचं जे आपोआप पुढे येणारं डोकं आहे ते वेगावर चालतं, तंगूस आखूड झाला की डोकं जोरात फिरतं आणि आतली कळ सुटून थोडा तंगूस बाहेर येतो, जाड लावला की हा हिशोबच बिघडतो. कंपनीची रिकामी रीळ टाकू नका, १.६ चा सुटा आणा आणि त्याच रिळेवर बाणाच्या दिशेने भरा, अगदी स्वस्तात काम होईल. सारखा संपतो म्हणताय तर कुंपणाच्या जाळीला किंवा फरशीच्या कडेला लागत असेल. कडेला ट्रिमर तिरका धरा आणि नुसत्या टोकाने कापा, अख्खा तंगूस भिंतीवर घालू नका. लॉनवर वेग घेऊन मग गवतात शिरा, गवतात ठेवून चालू करू नका.

---

सड्यावरची_बाग

गुंडाळण्याचं वाचून आत्ता रीळ उघडून बसलोय. एक अजून विचारू का. आमच्या वाडीत दोघे-तिघे तंगुसाऐवजी मोटारसायकलच्या क्लचची वायर कापून लावतात, म्हणे आठवडाभर तुटत नाही. गडी मागेच लागलाय की तीच लावू.

---

बेणणी_कंत्राट

नका लावू. हात जोडून सांगतो.

डोकं मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेरे फिरतं, टोकाचा वेग ताशी साडेचारशे-पाचशे किलोमीटरच्या घरात जातो. तंगुसाचा तुकडा उडाला तर फटका बसतो, वळ उठतो. वायरीचा तुकडा उडाला तर ती गोळी असते. क्लचची वायर म्हणजे बारीक तारांचा पीळ, दगडाला लागून एकेक तार सुटते आणि शेवटी इंचभर तुकडा जातो, कुठे जातो ते दिसतसुद्धा नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या बागेत एका गड्याच्या पोटरीत असा तुकडा घुसला, गमबूट फाडून. रक्त फार नव्हतं म्हणून त्याला वाटलं काटा लागला, संध्याकाळपर्यंत काम केलं. रात्री पाय सुजला, मग एक्सरेत दिसलं हाडाला टेकलेली तार. मी त्याला घेऊन गेलो होतो म्हणून माहीत. डोळ्यात गेली असती तर.

युरोपात तर धातूचे जोडलेले तुकडे किंवा साखळी असलेली असली डोकी विकायलाच २०१२ साली बंदी आली, इंग्लंडमध्ये साखळीची कडी उडून जवळचा माणूस गेला होता त्यानंतर. आपल्याकडे साखळीवाली डोकी अजून बाजारात टांगलेली दिसतात, ती पण घेऊ नका.

आणि गार्ड परत लावा, डोळ्याला जाळी किंवा गॉगल, आणि मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत कोणी नको, विशेषतः पोरं. दुसरा गडी तंगूस भरतोय म्हणालात तर त्याला लांब बसवा. गार्डला गवत गुंडाळतं त्याचं कारण गवत कमरेएवढं आहे, एकदम बुडातून कापायला गेलं की गुंडाळणारच. आधी वरचं अर्धं उडवा, मग खालून घ्या. दोन फेरे वाटतात पण थांबणं वाचतं.

---

गोठा_आणि_बाग

चर्चा वाचली, एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. कापलेलं गवत गुरांना घालणार आहात का? आमच्याकडे दोन म्हशी आणि एक गाय आहे. तंगूस झिजतो म्हणजे तो जातो कुठे, त्या गवतातच ना, बारीक बारीक तुकडे. मी एकदा असं गवत सुपात घेऊन निवडलं, बोटाच्या पेराएवढे सात-आठ नारिंगी तुकडे मिळाले एका सुपात, आणि जे मिळाले नाहीत ते वेगळेच. गुरांना नायलॉन पचत नाही, पोटात साठत राहतं. तेव्हापासून वैरणीचं गवत विळ्यानेच किंवा ब्लेड लावून, आणि तंगुसाने कापलेलं फक्त कलमांच्या आळ्यात आच्छादनाला. तिथेसुद्धा तुटलेले मोठे तुकडे दिसले की मी उचलून आणते. तुमच्या गड्यांना एक पिशवी द्या कंबरेला, रिळेतून काढलेला चिकटलेला गोळा बागेत टाकत असतील तर तो तिथेच वर्षानुवर्षं राहणार, मातीत जिरत नाही तो.

---

सड्यावरची_बाग

चार दिवसांनी लिहितोय, कामात होतो.

गोळे खरंच बागेत टाकत होते ताई, मी स्वतः फिरून सतरा गोळा केले. आमच्याकडे गुरं नाहीत पण शेजाऱ्यांची बैलजोडी गडग्याशी चरते, त्यांना सांगून ठेवलंय की या वर्षी इकडचं नेऊ नका.

आता मशीनचं. रिंग बघितली, नख फिरवायची पण गरज नव्हती, डोळ्याला दिसत होता चर, तांदळाच्या दाण्याएवढा खोल आणि त्याची कड हाताला लागेल इतकी धारदार. दोन्हीकडे. एक रिंग पक्कडीने ओढल्यावर आली, फिरवून बसवली, दुसरी काही हलेना. मग जुनं डोकं पिशवीत घालून बाजारात गेलो. पहिल्या दुकानातलं युनिव्हर्सल अडीच फेरे फिरून अडकलं, दुकानदार म्हणाला पान्याने बसेल, मी परत दिलं. तिसऱ्या दुकानात जे मिळालं ते हाताने शेवटपर्यंत बसलं, त्याच्यावर २.४ ते ३ लिहिलंय. त्याच्या दोन जादा रिळा पण घेतल्या. तंगूस २.४ गोल. पेन्सिलीवर दहा वेढे दुकानातच घातले, २४ भरले, तो माणूस बघतच राहिला.

तंगूस दोन रात्री बादलीत होता. आई विचारत होती हे काय भिजत घातलंय. रीळ मी स्वतः भरली, एक एक वेढा शेजारी बसवून, कडेला बोटाच्या नखाएवढी जागा सोडून. गार्ड लावलं, त्याचं कापायचं पातं गंजलं होतं ते कानसून घेतलं.

काल सकाळी साडेसातला सुरू केलं आणि पहिल्यांदा रीळ उघडली ती साडेनऊला, तीही तंगूस संपला म्हणून, चिकटला म्हणून नाही. गवताची टोकं आता सरळ कापलेली दिसतायत, आधी खरंच पिंजलेली होती. गडी आधी कुरकुरत होता गार्डवरून, दुपारी म्हणाला मशीन हलकी वाटते. क्लचवरचा जळका वास पण येत नाही.

जुना चौकोनी भिजवून बघितला, गाठ आता मोडत नाही. नवीन डोकं ३ पर्यंतचं आहे पण कोपऱ्यातून मोजला तर तो पावणेचार भरतोय, म्हणून त्यात घालणार नाही. कंत्राटवाल्या दादांनी सांगितलं तसं अल्युमिनियमचं डोकं मिळालं आणि त्याच्या भोकात सहज गेला तर सड्याच्या बाजूला त्याचे तुकडे करून संपवीन. गडग्याच्या बाहेरचा पट्टा अजून बाकी आहे, साधारण दोनशे मीटर लांब, रानमोडी भरपूर. किती रुंद काढू म्हणजे वणवा अडेल?

---

बेणणी_कंत्राट

गडग्याच्या बाहेर निदान दहा फूट, उतार वर बागेकडे चढत असेल तर पंधरा, कारण आग चढाला जोरात येते. आता रानमोडी ब्लेडने बुडातून घ्या आणि कापलेलं तिथेच ठेवू नका, सुकलं की तेच पेटतं, ओढून लांब टाका नाहीतर आळ्यात घाला, बी धरायच्या आत. मग जानेवारीत एकदा परत तंगूस फिरवा त्याच पट्ट्यावर, तेव्हा गवत सुकून खाली बसलेलं असतं, ते खरडून जमीन दिसली पाहिजे. अल्युमिनियमचं डोकं माझ्याकडे एक जादा आहे, शनिवारी ओणीवरून जातो, घेऊन येऊ का?